सातव्या वेशीवरची दानेश्वरी

मन्नाएखेळ्ळीत हैदराबादच्या हमरस्त्याच्या कडेला, टायरवाल्याला लागून, एक झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर 'श्रीशैल झेरॉक्स' असं कन्नडमध्ये मोठं आणि त्याखाली मराठीत बारीक लिहिलेलं आहे. श्रीशैल या दुकानात क्वचितच सापडतो. त्याचा टेम्पो आहे आणि त्याचा दिवस जवळच्या कोळारच्या कारखान्यांचा माल इकडचा तिकडे करण्यात जातो. दुकान चालवते त्याची बायको. तिचं नाव दानेश्वरी, पण ही माहिती गावात फारशी कुणाला लागत नाही. समवयस्क लोक 'श्रीशैलची बायको' म्हणतात, म्हातारे 'नागप्पाची सून' म्हणतात आणि ज्यांची बस आलेली असते ते 'ओ झेरॉक्स' म्हणतात. ती तिन्ही हाकांना ओ देते.

तिचं माहेर भालकीकडचं. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे दोन वर्षं कन्नड. घरी सासऱ्यांशी ती मराठीत बोलते, गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये, ट्रक ड्रायव्हरांशी दखनीत. इंग्रजी ती बोलत नाही, पण वाचते, कारण ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या माणसाला इंग्रजीत रागावलेल्या खिडक्या रोज वाचाव्या लागतात. ही तयारी पुढे कामी आली.

दुकानाचा कम्प्युटर जुना घेतलेला. आधीच्या मालकाने आपली सगळी कागदपत्रं त्यातून पुसली आणि एक गेम पुसायचा विसरला. दुपारी गिऱ्हाइकं नसतात आणि वीज असते, असा दुर्मीळ योग या गावात कधीकधी येतो. अशाच एका दुपारी दानेश्वरीने तो उघडला. परदेशात कुठेतरी बनलेला गेम. आपल्याकडचे खेळणारे त्याला 'सातवी वेस' म्हणतात. एक देश आहे. त्याला एकात एक अशा सात भिंती आणि सात वेशी. खेळणारा आतला रहिवासी. त्याने वेशीमागून वेस उघडत बाहेरच्या बाजूला जायचं. सातव्या वेशीला मात्र नुसता उंबरा आहे आणि तो ओलांडता येत नाही. ती वेस फार पूर्वी येण्याजाण्याला मिटली आणि तेव्हापासून बाहेरचं कोणी आत आलेलं नाही. तिथे हातात काठी घेऊन एक वेसकर उभा असतो. खेळणाऱ्याकडे त्याची पाठ, तोंड बाहेरच्या अंधाराकडे. मधूनमधून तो ओरडतो, "कोण तिकडं?" बाहेरून उत्तर येत नाही. खेळणाऱ्याने द्यावं म्हटलं तर तसं बटण नाही.

पुष्कळ लोक इथवर येऊन गेम संपला असं समजतात आणि दुसरा घेतात. दानेश्वरीला मात्र त्या माणसाचं वाईट वाटलं. इतका वेळ हाक मारतोय आणि कुणी ओ देत नाही, हे तिच्या स्वभावात बसेना.

या गेमवर जीव टाकणाऱ्या मराठी लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. त्यांनी गेममधला शब्दन्‌शब्द मराठीत आणला, इतिहास-भूगोल लावला आणि त्या सगळ्याला ते 'लोर' म्हणतात. गटातले लोक त्या देशातल्या कथा लिहितात. ज्या कथा लोरशी जुळतात त्या 'कोठारा'त जातात आणि कायमच्या राहतात. ज्या जुळत नाहीत त्या 'अंगणा'त पडून राहतात. अंगणात लोक मुख्यतः एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. लिहिणाऱ्याने स्वतःलाच त्या देशात नेऊन सोडलं असेल तर त्या कथेला गटात 'घुसखोर' म्हणतात. कोठारात आजवर एकही घुसखोर गेलेली नव्हती.

दानेश्वरीने पहिलीच कथा लिहिली ती घुसखोर. तिला हा प्रकार वर्ज्य आहे हे माहीत नव्हतं. आणि तिच्या मते, आपण जायचं नसेल तर लिहायचं कशाला.

त्या पहिल्या कथेत दुकानातली वीज जाते आणि मन्नाएखेळ्ळीची दानेश्वरी थेट पहिल्या भिंतीच्या आत, राणीच्या दरबारात उभी राहते. मुजरा वगैरे न करता ती राणीला विचारते, "तुमी कुठल्या? माहेर कोणतं?" राणी गांगरते. मग बोलता बोलता राणीची मावशी उदगीरकडची निघते. दानेश्वरी सैनिकांना अण्णा म्हणते, दासींना अक्का म्हणते आणि कथेच्या शेवटी तिसऱ्या भिंतीजवळ झेरॉक्सचं दुकान टाकते. आमच्या भागातला माणूस परक्या देशात गेला तर हेच करील, याबद्दल शंका नाही. तो आधी नातं काढतो, मग बसायला जागा बघतो.

नवख्यांच्या कथा तपासायचं काम गटात अमरदीपकडे होतं. तो मूळचा भालकी तालुक्यातल्या मेहकरचा, नोकरीला कोळारच्या एका औषध कारखान्यात, गोळ्यांची पाकिटं तपासायला. दिवसभर सदोष पाकिटं बाजूला काढायची आणि घरी आल्यावर सदोष कथा, असा त्याचा एकसुरी पण निष्कलंक दिनक्रम होता. त्याने दानेश्वरीला सविस्तर उत्तर लिहिलं.

"अक्का, भाषा झकास आहे. पण या देशात वीज नाही, त्यामुळे झेरॉक्स चालणार नाही."

"जनरेटर ठेवते," दानेश्वरीने लिहिलं.

"जनरेटरही नाही."

"बरं, झेरॉक्स सोडलं. अजून?"

"राणीला मावशी नाही. लोरप्रमाणे ती दगडातून निघालीय."

"तरी मावशी असू शकते."

"नाही अक्का. आणि मुख्य म्हणजे बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही. हा पाया आहे. तुम्ही नायिकेचं नाव बदला, तिला दुसऱ्या भिंतीतली विणकरीण करा. बाकी मी बसवून देतो. कोठारात जाईल."

सल्ला प्रामाणिक होता आणि गटाच्या रीतीप्रमाणे उदारही होता. दानेश्वरीने तो वाचला, मधे एकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली आणि मग लिहिलं, "मग त्यात मी कुठाय?"

अमरदीपने लिहिलं, अंगणात ठेवा, लोक वाचतील. तिने सांगितलं, अंगणात ठेवणार न्हाई. कोठारात जाईल, आणि माझ्या नावानं जाईल.

नवऱ्याने तिला समजावलं. "नावाचं काय घिऊन बसलीस? विणकरीण तर विणकरीण."

"तुमचं नाव पाटीवर हाय," ती म्हणाली, "म्हणून तुमाला असं वाटायलंय."

श्रीशैल पाटी बघायला बाहेर गेला आणि बराच वेळ टेम्पोच्या टायरांतली हवा बघत राहिला.

पुढचे काही महिने दानेश्वरीने लिहिलं नाही, ती गेम खेळली. जिंकायला नव्हे, लोर वाचून काढायला. दगडावरच्या पाट्या, जुन्या शिपायांची बडबड, वाटेत सापडणाऱ्या दिव्याखालची, मडक्याखालची बारीक अक्षरं. लोक या वस्तू उचलतात, जखम भरून घेतात आणि पुढे जातात. दानेश्वरी थांबून वाचायची. तिसऱ्या वेशीच्या दगडावर तिला एक ओळ सापडली होती, 'जो उभा, तो वेसकर.' ती तिने लक्षात ठेवली, पण तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. आत जायचा रस्ता काही सापडेना.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. आमच्याकडे ती येळवस. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळे आपापल्या शेतात जेवतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, आंबील रानाच्या चारी बाजूंनी शिंपडायची आणि मग भज्जी, ज्वारीचे वाफवलेले उंडे, खीर. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानात आणि बाजारात त्या दिवसांत जे जे हिरवं मिळतं ते सगळं आणि डाळीचं पीठ एकत्र शिजवलं की ती होते. आणखी एक रीत आहे. त्या दिवशी बांधावरून जाणारा माणूस कोणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. तो नाही म्हणाला तर मालकाला आपला अपमान झाल्यासारखा वाटतो. नागप्पाला तर वर्षभराचं पीक बुडाल्यासारखं वाटतं.

नागप्पाचं रान हमरस्त्याला लागून असल्यामुळे त्याचा उत्साह धोकादायक पातळीवर असतो. त्या दिवशी त्याने दोन मोटारसायकली आणि विजेच्या तारा तपासायला आलेला एक लाइनमन बसवला. मग हैदराबादकडे निघालेला टमाट्यांचा एक ट्रक रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबला. नागप्पा बांधावर गेला.

"या, जेवून जावा."

"गाडी छोडके कैसा आऊं चाचा," ड्रायव्हर म्हणाला, "माल है."

"माल काय पळून जातोय?"

"मैं नहीं तो कोई तो खडा होना ना."

नागप्पाने हा मुद्दा विचारात घेतला. तो कायद्याला धरून होता. मग त्याने हातातली काठी नीट धरली, रस्त्यावर चढला आणि ट्रकच्या दाराशी, हैदराबादकडे तोंड करून उभा राहिला.

"मी उभा हाय," तो म्हणाला. "तू जा. आमच्या पोरीनं वाढलंय. आरामशीर जेव."

ड्रायव्हरने एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा खोपीकडे, आणि चपला काढून बांध उतरला. त्याने भज्जी दोनदा मागून घेतली. तोवर नागप्पा ट्रकजवळ असा उभा होता की जणू टमाटे त्याच्याच घरचे. मधे एकाने येऊन त्याला भाव विचारला, तर त्याने भावही सांगितला.

दानेश्वरी हातात भज्जीचं भांडं घेऊन सगळं बघत होती. ड्रायव्हर खीर मागत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

"अगं पोरी, वाढ की," रस्त्यावरून नागप्पा ओरडला. "बगायलीस काय?"

"मामा," ती म्हणाली, "तुमी तिथंच उभं ऱ्हावा जरा."

"उभाच हाय की."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कथा नव्याने लिहायला घेतली.

या वेळी दरबार नव्हता, राणी नव्हती, उदगीरची मावशी गेली. दानेश्वरी सातव्या वेशीच्या बाहेर, त्या अंधारात चालते आहे. कुठून आली, कशी आली, हे कथेत नाही. बाहेर काय आहे हे लोरलाही माहीत नाही, तेव्हा तिथे ती असायला हरकत नव्हती. वेशीवरून हाक येते, "कोण तिकडं?" ती ओ देते. "मी दानेश्वरी. मन्नाएखेळ्ळीची." उत्तर आलं तर पुढे काय म्हणायचं, हे वेसकराला कुणी शिकवलेलं नाही. त्याच्या पायाशी उंबऱ्यावर एक थाळी आहे, भरलेली, गार झालेली. ती विचारते, जेवला न्हाईत का? तो म्हणतो, कसं जेवू, वेस कोण राखणार? ती उंबरा ओलांडत नाही. बाहेरूनच हात पुढे करते आणि म्हणते, काठी द्या इकडं, अण्णा. आणि वेसकर, वेस मिटल्यापासून पहिल्यांदाच, खाली बसतो.

कथा तिने पाठवली. दोन-तीन दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी अमरदीपने लिहिण्याऐवजी फोनच केला. तोवर त्यांचं बोलणं झालं नव्हतं.

"अक्का, मी अमरदीप. बोलू का? गिऱ्हाईक हाय?"

"एक हाय. रेशन कार्डाच्या दोन काढायच्यात. बोला तुमी, अण्णा."

"तुम्ही आत आला न्हाईत, ते बरं केलात. पाया शाबूत हाय. नावाचंबी बसतंय, वेसकरानं इचारलं म्हणून तुम्ही सांगितलं. पण ते बसवून जेवायला लावणं अन्‌ ते बदली उभं ऱ्हाणं, ते गेममधलं न्हाई. ते येळवशीचं हाय. मी मेहकरचा हाय, मला कळतंय की."

"येळवशीवरूनच सुचलं," तिने कबूल केलं. "पण गेममदी हाय."

"कुठं?"

"सुगीच्या हंगामात सातव्या वेशीच्या उंबऱ्यावर थाळी असते. तुमी काय करता तिचं?"

"खातो," अमरदीप म्हणाला. "जखम भरती थोडी."

"सगळेच खातात. तिच्याखाली काय लिवलंय ते वाचलाव का?"

फोनमधून कळफलकाचा आवाज आला. तो गेम उघडत होता. रेशन कार्डवाल्याने विचारलं, झालं का? दानेश्वरीने त्याला हाताने थांबवलं. तो स्टुलावर बसला.

पलीकडून अमरदीपने हळूहळू वाचलं. "'वेसकरासाठी ठेवलेली. उभ्याने जेवू नये, असं तो म्हणतो.' हे तर मीच मराठीत आणलंय, अक्का. दोन वर्षं झाली."

"म्हणून तर चांगलं आणलंय."

"अन्‌ बदली?"

"तिसऱ्या वेशीचा दगड. जो उभा, तो वेसकर. नाव-गाव लागत न्हाई, आतला-भाईरचा लागत न्हाई. उभं ऱ्हायलं की झालं."

पुन्हा अमरदीपचा आवाज आला. तपासनीसाचा नव्हता.

"वेसकर हा शब्द मी का ठेवला, म्हाईत हाय का? बाकीचे पहारेकरी म्हणा म्हणत होते. मी म्हणलं, न्हाई, वेसकरच. आमच्या घराण्याकडं वेसकरी होती. पिराजी म्हणून माझे पणजे. गावाची वेस राखायची अन्‌ वेशीच्या आत घर न्हाई. येळवशीला त्यानलाबी हाक यायची, न्हाई असं न्हाई. थाळी बांधाच्या भाईर ठेवायचे. उभ्यानं खायचे अन्‌ परत वेशीवर." तो थांबला. "थाळी देणारे लई होते, अक्का. त्यांच्या जागी कुणी उभं ऱ्हायलं नव्हतं."

दानेश्वरीने हातातलं रेशन कार्ड टेबलावर ठेवलं. रेशन कार्डवाला स्टुलावर तसाच बसून राहिला.

"दोन बारीक दुरुस्त्या हायत," शेवटी अमरदीप म्हणाला. "काठी तुम्ही सागवानाची लिवलीय. त्या देशात सागवान न्हाई."

"बाभळीची करू?"

"बाभळ चालंल. चौथ्या भिंतीपाशी हाय."

"अन्‌ दुसरी?"

"तुम्ही त्याला अण्णा म्हणलाय. वेसकराला कुणी नात्यानं हाक मारत न्हाई, असं लोरमदी हाय."

"मग काढू?"

"न्हाई, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आतलं कुणी मारत न्हाई. तुम्ही भाईरच्या हाव."

आठवड्याभराने कथा कोठारात गेली. वरती लिहिलं होतं, 'सातव्या वेशीवर. लेखिका व पात्र: दानेश्वरी, मन्नाएखेळ्ळी.' खाली, 'तपासली: अमरदीप, मेहकर.' गटातल्या एका जुन्या सभासदाने घुसखोर कोठारात कशी, अशी हरकत घेतली. अमरदीपने त्याला एवढंच लिहिलं की बाई आत आलेलीच नाही, पुन्हा वाचा. त्याने पुन्हा वाचली असावी, कारण नंतर त्याने थाळीचं चित्र टाकलं आणि आपण आजवर ती किती वेळा खाल्ली याबद्दल खेद व्यक्त केला. आता गटातले पुष्कळ लोक सातव्या वेशीवर पोचले की थाळी उचलत नाहीत. जखमी असले तरी.

नागप्पाला गेम म्हणजे काय हे कळलेलं नाही आणि कळून घ्यायची त्याची इच्छाही नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे परदेशात एक गाव आहे, त्या गावच्या वेशीवर आपल्या सुनेची नेमणूक झाली आहे आणि तिथे ती त्याच्याच पद्धतीने उभी राहते. ही समजूत त्याने हमरस्त्यावर टायरवाल्यापासून बसथांब्यापर्यंत पोचवली आहे. परवा एक जण दुकानात येऊन "श्रीशैलची बायको हाय का?" म्हणाला, तर बाहेर बसलेल्या नागप्पाने त्याला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "कोण? दानेश्वरी का?"

त्या माणसाला कोण दानेश्वरी ते कळेना. नागप्पाने त्याला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. त्याची बस गेली.

श्रीशैलने पाटी नवी करायला टाकली आहे. रंगवणारा विचारत होता की नाव कन्नडमध्ये मोठं की मराठीत मोठं. ते ठरायचं आहे. नाव कोणाचं, ते ठरलं आहे.

कथेला अजूनही वाचक येतात. त्यांतले बरेच जण शेवटी एकच गोष्ट विचारतात, की पुढे काय झालं, वेसकराने काठी परत घेतली का? दानेश्वरीने त्यांना उत्तर दिलेलं नाही. एका दुपारी नागप्पानेही तेच विचारलं. तो दाराशी उन्हाला पाय सोडून बसला होता.

"मग, काठी कवा देणार त्याला माघारी?"

दानेश्वरी एका बाईच्या पोराच्या शाळेचा फॉर्म भरत होती. तिने मान वर केली नाही.

"तो जेवायलाय अजून, मामा."

नागप्पाने मान हलवली. हे त्याला पटलं.

"जेवू दे," तो म्हणाला. "उठवू नको."